बाजारभर मेहुणे

सुपडूभाऊंकडे बैल नव्हता, पण बैलाचा सगळा साज होता. शिंगांना बांधायचे गोंडे, रंगीत झूल, घुंगरमाळ, नवी कोरी वेसण. माणूस जळगावच्या एका पाइप कारखान्यात स्टोअरला, राहायला भाड्याच्या दोन खोल्या, शेत म्हणावं तर कुंडीत एक तुळस. आम्ही त्यांच्या शेजारी राहायला गेलो तो पोळ्याचा आदला दिवस होता. हा सगळा पसारा ओट्यावर मांडून ते कौतुकाने बघत बसले होते. मी विचारलं, "बैल कुठाय?"

"बैल नाही हो," ते म्हणाले. "पण सकाळचे अकरा वाजून गेले होते, अन् बिचाऱ्याची बोहनी झाली नव्हती."

गोंडे त्यांनी मोपेडच्या हँडलला बांधले. झूल सीटवर पडली. घुंगरमाळ पुढच्या दिव्याखाली अडकवली. वेसणीचं काय करावं ते त्यांना कधीच सुचलं नाही. कारखान्याला निघाले की गल्लीतली कुत्री आधी भुंकायची आणि मग सवयीने गप्प बसायची. आमच्या घरी तेव्हापासून वेळ कळायला घड्याळ लागलं नाही. घुंगरू वाजले की माझी आंघोळ राहिलेली असायची.

बोहनी म्हणजे दुकानदाराची दिवसाची पहिली विक्री, हे सांगायला नको. ती लवकर आणि चांगल्या हाताने व्हावी असं प्रत्येक दुकानदाराला वाटतं. पण ते दुकानदाराला वाटावं. सुपडूभाऊंना ते दुकानदारापेक्षा जास्त वाटायचं, ही सगळी अडचण होती. कोणाचीही बोहनी राहिलेली त्यांना बघवत नसे. रस्त्याने जाताना त्यांचा ठरलेला प्रश्न असे, "काय, झाली का बोहनी?" समोरचा नाही म्हणाला की मोपेड स्टँडला लागलीच. मग तो काय विकतो हे ते नंतर बघत. एकदा त्यांनी ऐन वैशाखात छत्र्या घेतल्या. एकदा कुत्र्याचा पट्टा घेतला आणि तो कुणाच्या तरी कुत्र्याला बसतो का म्हणून कॉलनीभर विचारत हिंडले. मूलबाळ नसताना पाळणा घेतला, तो निदान उपयोगी पडला. त्यात कांदे राहायचे.

यात भर म्हणजे त्यांचा हात लाभतो, अशी बाजारात ख्याती झाली होती. आमच्या कॉलनीच्या तोंडापासून कारखान्याच्या रस्त्यापर्यंत जो लांबट बाजार आहे, तिथले दुकानदार शपथेवर सांगत, की ज्या दिवशी सुपडूभाऊ पहिला माल घेतात त्या दिवशी गल्ला भरतो. किराणावाले मोतीशेठ तर त्यांना लांबून येताना बघून आधीच्या गिऱ्हाइकाला म्हणत, "जरा थांबा, पाच मिनिटं काहीच घेऊ नका." भाऊ या कौतुकाने विरघळायचे. मोबाईलने पैसे देणं त्यांना मान्य नव्हतं. "ते खोकं बोलतं, 'पैसे मिळाले' म्हणतं. पण नोट कपाळाला लागते का? तराजूला लागते का? मग ती कसली बोहनी?" असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या बायकोला, रत्नाअक्काला, मी हा माणूस असा का आहे म्हणून एकदा विचारलं होतं. तिने सांगितलं, सासरे पारोळ्याच्या बाजारात दोर विकायचे. बोहनी होईपर्यंत पाण्याचा घोट घ्यायचे नाहीत. लहानपणी सुपडूभाऊ शेजारी बसून बापाच्या कोरड्या ओठांकडे बघत असायचे. हे ऐकल्यावर मला त्यांच्यावर हसणं अवघड झालं. अर्थात मी हसायचं सोडलं नाही.

रत्नाअक्का धुळ्याच्या बाजूची. उंच, काटक, कमी बोलणारी. घरात तिचं आणि भाऊंचं सगळं अहिराणीत चाले आणि भिंत पातळ असल्यामुळे आमचंही बरंचसं शिकून झालं होतं. तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. स्लॅब. कॉलनीच्या मागच्या बाजूला त्यांनी तरुणपणी एक लहानसा प्लॉट घेतला होता. त्यावर भिंती उभ्या होत्या, खिडक्यांच्या जागा सोडलेल्या होत्या, वर आभाळ होतं. भिंतींच्या आत कुणाच्या तरी शेळ्या राहायच्या. अक्का संध्याकाळी तिथे जायची, शेळ्या हाकलायची, स्वयंपाकघराच्या जागी उभी राहायची आणि परत यायची.

स्लॅबचे पैसे एकदा जमलेही होते. बापू मिस्त्रीला बयाणा द्यायला अक्काने भाऊंना पाठवलं. हीच तिची चूक. मिस्त्रीचं घर दोन गल्ल्या पलीकडे. पण त्या दोन गल्ल्यांच्या मध्ये एक हातगाडीवाला प्लॅस्टिकच्या खुर्च्या घेऊन उभा होता आणि ऊन डोक्यावर आलं तरी त्याची बोहनी झाली नव्हती. भाऊ परत आले ते हातगाडीसकट. गाडीवाला आनंदाने खुर्च्या उतरवत होता. लाल, निळ्या, हिरव्या. खोल्यांत मावेनात म्हणून आमच्या ओट्यावर लागल्या.

अक्का दारात उभी राहिली. खुर्च्यांच्या डोंगराकडे बघून तिने शांतपणे विचारलं, "हाई काय? स्लॅब कोठे शे?"

"बिचारानी बोहनी व्हयेल नव्हती," भाऊ म्हणाले.

त्यानंतर दोन दिवस भिंतीपलीकडून एक शब्द आला नाही. खुर्च्या मात्र कॉलनीच्या कामी आल्या. बारसं असो की दहावं, सुपडूभाऊंच्या खुर्च्या फुकटात हजर. भाड्याने देऊ, पैसे निघतील, असं भाऊ म्हणत होते. पण भाडं मागायची वेळ आली की त्यांना समोरच्याचीच दया यायची.

घरमालकाने मग आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला एक बातमी दिली. त्याच्या मुलाचं लग्न ठरत होतं, तेव्हा पुढच्या आखाजीपर्यंत खोल्या रिकाम्या करा. अक्काचा चेहरा मी पहिल्यांदाच पडलेला पाहिला. वर्षभरात स्लॅब पडला नाही तर बिऱ्हाड कुठे न्यायचं? शेळ्यांबरोबर?

तिने उपाय सुरू केले. पगार सरळ स्वतःच्या ताब्यात घेतला. भाऊ रिकाम्या खिशाने निघाले. उपयोग शून्य. ज्याच्या हाताला एवढं नाव, त्याला उधार कोण देणार नाही? उलट दुकानदार म्हणायचे, भाऊ, पैसे सावकाश द्या, हात आधी लावा. मग अक्काने मला त्यांच्याबरोबर पाठवायला सुरुवात केली. मी शिकलेला, सरकारी नोकर, मोबाईलवर खर्च आवरायचं ॲप वापरणारा, तेव्हा मी त्यांना आवरीन, असा तिचा समज. पहिल्या दिवशी आम्ही परत आलो तेव्हा भाऊंच्या हातात काही नव्हतं. माझ्या पिशवीत मात्र फण्या होत्या. पुष्कळ फण्या. त्या फणीवाल्याचं तोंड इतकं उतरलेलं होतं की काय सांगू. माझ्या बायकोने, सुनीताने, माझ्या टकलाकडे आणि मग फण्यांकडे पाहिलं, आणि पुन्हा मला त्या कामावर जाऊ दिलं नाही.

श्रावण आला. रत्नाअक्काला सख्खा भाऊ नव्हता. तिघी बहिणीच. भाऊबीजेला ती अंगणात येऊन चंद्राला ओवाळायची, हे आम्ही दरवर्षी पाहत होतो. राखीच्या सकाळी मात्र ती ताट घेऊन बाहेर पडली. ताटात निरांजन, कुंकू, अक्षता, पेढे आणि राख्यांचा ढीग. सुनीताला म्हणाली, "चल गं सोबत, ताट जड आहे." मीही मागोमाग निघालो, कारण असला प्रसंग घरी बसून ऐकण्यात मजा नसते.

पहिलं दुकान मोतीशेठचं. त्यांनी काट्यावरची साखर तशीच ठेवली. अक्काने कुंकू लावलं, राखी बांधली, ओवाळलं. शेठ गडबडून गेले, गल्ल्यातून नोट काढून ताटात टाकायला लागले. अक्काने ताटावर हात धरला.

"हे नको, भाऊ. ओवाळणी मी मागेन ती द्या."

"मागा अक्का."

"माझ्या माणसाला काही विकू नका. रोख नाही, उधार नाही. बास."

मोतीशेठच्या तोंडचं पाणी पळालं. पण मनगटाला राखी बांधलेली, निरांजन समोर, आजूबाजूला गिऱ्हाइकं. ते "बरं" म्हणाले. शेजारचे हार्डवेअरवाले युनूसभाई हे सगळं बघत होते. त्यांनी शटर अर्धं ओढलं होतं, पण अक्का त्याखालून वाकून आत गेली. भांडेवाला, केळीवाला, कापडवाला, कुलूपवाला, दुपारपर्यंत सगळा बाजार तिचा भाऊ झाला होता. परतताना ती मला म्हणाली, "बठ्ठा मना भाऊ शेतस आते." आणि हसली. मी तिला हसताना फार कमी वेळा पाहिलं होतं, म्हणून ते लक्षात राहिलं.

दुसऱ्या दिवशी सुपडूभाऊ घुंगरू वाजवत गेले आणि संध्याकाळी घुंगरूसुद्धा मलूल वाजत असल्यासारखे परत आले. पिशवी रिकामी. ओट्यावर, लाल खुर्चीत, माझ्या शेजारी बसले.

"काय झालं भाऊ?"

"माले कोनी काहीच देत नही," ते म्हणाले. मनातलं बोलताना ते अहिराणीत जायचे. "युनूसला म्हटलं, एक बिजागरी दे. तर म्हणतो, 'जिजाजी, माफ करा, अक्काला शब्द दिलाय.' जिजाजी! काल सकाळपर्यंत मी भाऊ होतो."

त्यांनी मार्ग शोधला नसता तर ते सुपडूभाऊ कसले. राखी बांधली ती पुरुषांना. भाजीवाल्या बायांना कोण बांधणार? तिसऱ्या दिवशी ते मेथीच्या जुड्यांनी मोपेड लपवून आले. चौथ्या दिवशी शेपू. शेपू कुणीच खात नव्हतं, त्यांच्याकडेही आणि आमच्याकडेही. पाचव्या दिवशी अक्का पुन्हा ताट घेऊन निघाली, यावेळी हळदीकुंकवाचं. भाजीवाल्या सगळ्या तिच्या बहिणी झाल्या. आता बहिणीचा नवरा आणि मेहुण्या म्हटल्यावर जे व्हायचं ते झालं. भाऊ दिसले रे दिसले की भाजीबाजारात एकच गिल्ला. "ओ जिजाजी, आमच्या ताईला गजरा नेता का कधी?" "जिजाजी, गोंडे छान दिसतात, शिंगं कुठायत?" कुणीतरी एकदा त्यांची टोपी पळवली आणि ती सगळ्या गाळ्यांतून फिरून आली. त्या दिवसापासून ते भाजीबाजार टाळून लांबून जायला लागले. पेट्रोल वाढलं, पण शेपू थांबला.

आता एक गोष्ट अक्काच्याही ध्यानात आली नव्हती. ती मोतीशेठकडे तेल आणायला गेली, तर शेठने पैसे घ्यायला नकार दिला. बहिणीकडून पैसे? त्यांच्या आईने त्यांना घराबाहेर काढलं असतं. अक्का म्हणाली, फुकट घेणार नाही. शेठ म्हणाले, विकत देणार नाही. तेलाचा डबा काउंटरवर, एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे. शेवटी ती तशीच परत आली. असंच भांडेवाल्याकडे, असंच युनूसभाईंकडे. म्हणजे नवऱ्याला बाजारात कुणी विकेना आणि बायकोकडून कुणी पैसे घेईना. एवढ्या मोठ्या बाजारात हे एक जोडपं असं होतं ज्याला खर्च करणं शक्यच नव्हतं.

तेव्हा त्यांचा किराणा आमच्या नावावर यायला लागला. सुनीता दोन घरांचं सामान आणायची. महिन्याभरात मोतीशेठनी मला बाजूला घेऊन काळजीने विचारलं, "साहेब, घरी सगळं ठीक ना? फार तेल खाता आहात."

भाऊंची उदासी मात्र बघवत नव्हती. कारखान्यातून सरळ घरी यायचे. कुणाला "झाली का बोहनी" विचारायचे नाहीत, कारण उत्तर ऐकून करणार काय? घुंगरमाळ काढून ठेवली. माझी आंघोळ पुन्हा उशिरा व्हायला लागली. अक्काला ते दिसत होतं. पण पलीकडे नुसत्या भिंती उभ्या होत्या आणि आखाजी जवळ येत होती. ती हलली नाही.

पितृपक्ष लागला. पितृपक्षात कुणी नवीन खरेदी करत नाही. बाजार दरवर्षीच ओस पडतो. पण यंदा दुकानदारांनी त्याचा अर्थ वेगळा लावला. एका संध्याकाळी सगळे मेहुणे मिळून अक्काच्या दारात आले. खुर्च्या होत्याच.

"अक्का," मोतीशेठ म्हणाले, "जिजाजींचा हात लागत नाही तेव्हापासून बाजार बसला."

"पितृपक्ष आहे," मी म्हणालो. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

युनूसभाई म्हणाले, "शब्द मोडत नाही आम्ही. राखी आहे हातात. पण काहीतरी तोड काढ बहीण."

भाऊ आतल्या खोलीत होते. दाराच्या फटीतून त्यांचा एक डोळा दिसत होता. अक्काने त्या डोळ्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "रुपया. दुकानाला एक रुपया, दिवसातून एका दुकानाला. रुपयात जे येईल ते त्यांना द्या. रुपयाच्या वर दिलं तर राखी परत करा."

आतून घुंगरू वाजले.

आजकाल रुपयात काय येतं, याचं संशोधन मग आमच्या बाजारात झालं. युनूसभाई एक खिळा द्यायचे. कापडवाला एक गुंडी. मोतीशेठ दोन लवंगा, आणि मोजून, कारण अक्का घरी तपासायची. केळीवाल्याने प्रेमाने एक अख्खं केळं दिलं, तर ते निम्मं कापून परत आलं. सगळ्यात मोठा प्रश्न भांडेवाल्याला पडला. त्याच्याकडे रुपयात काहीच नव्हतं. शेवटी त्याने तोड काढली. तो रुपया घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि एक पितळी तांब्या वाजवून दाखवायचा. टण्ण. भाऊ डोळे मिटून तो आवाज ऐकायचे आणि समाधानाने पुढे जायचे. रुपया मात्र ते असा द्यायचे की दागिन्यांच्या पेढीतसुद्धा कुणी देत नसेल. दोन्ही हातांनी, जरा वाकून. रांगेतलं गिऱ्हाईक थांबायचं. आणि पितृपक्ष संपला, नवरात्र लागलं, दिवाळी आली, तसा बाजार भरून वाहायला लागला. याचं श्रेय कुणाला मिळालं हे मी सांगायला नको. भाऊबीजेला अक्काने चंद्राला ओवाळलं नाही. तिला वेळच नव्हता.

थंडी पडली, शेताशेतांतून वांग्याच्या भरताच्या पार्ट्या सुरू झाल्या, आणि एक दिवस अक्काने आम्हाला हळूच सांगितलं, "जमले."

बापू मिस्त्री मागचा बयाणा खुर्च्यांत गेल्याचं विसरला नव्हता. त्याने अट घातली. स्लॅबच्या दिवशी सकाळी पूर्ण रक्कम हातात, मगच मिक्सर चालू. सेंट्रिंग झालं, लोखंड बांधून झालं, शेळ्यांना निरोप दिला गेला. त्या सकाळी आम्ही पोचलो तेव्हा प्लॉटवर सगळा बाजार होता. भावांनी दुकानं बंद ठेवली होती. बहिणीच्या घराचा स्लॅब, म्हणजे माहेरच्यांनी यायला नको? मोतीशेठ फेटा बांधून आले होते. मेहुण्या भाजीच्या टोपल्याच घेऊन आल्या होत्या, दुपारच्या जेवणाला. सगळे बसले होते लाल, निळ्या, हिरव्या खुर्च्यांवर, आणि पहिल्यांदाच त्या खुर्च्या पुऱ्या पडत नव्हत्या. घेतल्या तेव्हापासून भाऊ ज्याची वाट बघत होते तो क्षण आला होता. ते एकेकाला विचारत होते, "बसायला बरी आहे ना?"

मिस्त्री प्लॉटच्या पलीकडच्या टोकाला नव्या मिक्सरशेजारी उभा होता. "मशीन नवीन घेतलंय अक्का," तो म्हणाला. "पहिलाच स्लॅब."

भाऊंच्या कानावर हे पडलं. म्हणजे बोहनी. त्यांनी अक्काकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. एवढं सगळं झाल्यावर ती मागायची हिंमत होईना.

अक्काने कमरेची पिशवी सोडली. इतक्या महिन्यांचे पैसे त्यात होते. तिने लाटून विकलेल्या पापडांचे, भाऊंच्या ओव्हरटाइमचे, न घेतलेल्या सगळ्या वस्तूंचे. तिने नोटांचा जुडगा काढला आणि नवऱ्याच्या हातात ठेवला.

"ल्या," ती म्हणाली. "आज बोहनी तुम्हीच करा."

सुनीताने माझा दंड घट्ट धरला. मला आजही सांगता येत नाही की मी तेव्हा आनंदाने बघत होतो की भीतीने. भाऊंचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. जुडगा छातीशी धरून ते निघाले. अंतर ते काय, प्लॉटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि अर्ध्यात, रस्त्याच्या बाजूने, सायकलची घंटी वाजली.

दाराला लावायची तोरणं विकणारा होता. हँडलला, कॅरिअरला, खांद्याला, सगळीकडे प्लॅस्टिकची हिरवी पानं आणि केशरी झेंडू. नवं घर बघून तो थांबला. थांबणारच. भाऊही थांबले. युनूसभाई खुर्चीतून अर्धवट उठले. मोतीशेठनी फेटा काढून मांडीवर घेतला. एक मेहुणी पुटपुटली, "देवा, याला पंक्चर कर."

"बोहनी व्हयनी का?" भाऊंनी विचारलं.

"नही ना भाऊ," तो म्हणाला. "पहाटेपासून फिरतोय."

भाऊंनी जुडग्याकडे पाहिलं. तोरणांकडे पाहिलं. त्या पोऱ्याच्या कोरड्या ओठांकडे पाहिलं. मी अक्काकडे पाहिलं. ती जागची हलली नव्हती, हाकही मारत नव्हती. पदर मात्र मुठीत आवळला होता.

भाऊंनी जुडगा काखेत धरला, शर्टाच्या खिशात हात घातला आणि रुपया काढला. दोन्ही हातांनी, जरा वाकून, त्याला दिला. तोरणवाल्याला काय करावं कळेना. सगळा बाजार ओरडला, "पान दे, पान! रुपयात पान येतं!" त्याने घाबरून तोरणाचं एक पान तोडून दिलं. ते खिशाला खोचून भाऊ ताठ मानेने पुढे गेले आणि सगळी रक्कम मिस्त्रीच्या हातात ठेवली. मिस्त्रीने ती कपाळाला लावली. मिक्सर फिरला. त्या आवाजात कोण रडतंय ते कुणाला ऐकू आलं नाही, पण मला दिसत होतं, मोतीशेठ फेट्याने डोळे पुसत होते. तोरणवाल्याचं नंतर सगळं दुकान मेहुण्यांनी घेतलं आणि खुर्च्यांना बांधलं. अक्का म्हणाली, "हा खर्च माझा नाही, माहेरचा आहे." आणि जेवायला वाढायला गेली.

त्यानंतर लगेचच माझी धुळ्याला बदली झाली. टेम्पो भरून आम्ही सकाळी निघालो, तेव्हा वळसा घेऊन प्लॉटवरून जायचं ठरवलं. स्लॅबला रोज पाणी मारावं लागतं. भाऊ वर, निळी खुर्ची टाकून, पाय पसरून, हातात पाइप धरून बसले होते. त्यांच्याच कारखान्याचा पाइप असावा. नव्या दाराच्या जागी चौकट अजून लागली नव्हती, पण दोन्ही बाजूंना बैलाचे गोंडे लोंबत होते. वेसण कुठे दिसली नाही.

आम्हाला बघून ते उठले. पण त्यांचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. टेम्पोच्या ड्रायव्हरकडे होतं.

"काय रे," वरून हाक आली, "झाली का बोहनी?"

"नाही भाऊ, हीच पहिली ट्रिप."

भाऊंनी खिसा चाचपला. रिकामा. त्या दिवसाचा रुपया भांडेवाल्याकडे वाजवून झाला होता. त्यांनी हळूच खाली पाहिलं. खाली रत्नाअक्का स्वयंपाकघराच्या जागी, सावलीत, उभी होती. तिने पदराची गाठ सोडली, एक रुपया काढला, बाहेर येऊन ड्रायव्हरच्या हातावर ठेवला आणि वर बोट दाखवलं.

"त्यासना शे," ती म्हणाली.

ड्रायव्हरने रुपया कपाळाला लावला आणि गाडी सुरू केली. भाऊ वरून आनंदाने दोन्ही हात हलवत होते. पाइप हातातच होता आणि सगळं पाणी आमच्या गाद्यांवर पडत होतं.